टेंभरे सरांची तिसरी बाटली

आमच्या शाळेत मुलांची हजेरी एखाद्या दिवशी राहून जायची, पण चिलटांची हजेरी मी तिथे होते त्या नऊ वर्षांत कधी चुकल्याचं आठवत नाही. प्रार्थना संपली की टेंभरे सर प्रयोगशाळेत शिरत, टेबलावर मांडलेल्या पाच बाटल्यांपुढे खुर्ची ओढत, चष्मा कपाळावर सारत आणि भिंग डोळ्याला लावून मोजायला बसत. चिलटं म्हणजे तीच, सडक्या केळ्याभोवती फिरणारी. ती काही रांगेत उभी राहत नाहीत. त्यामुळे चौदापर्यंत आलेला आकडा फिसकटायचा आणि सर पुन्हा एकपासून सुरुवात करायचे. तोवर त्यांचा आठवीचा वर्ग व्हरांड्यात कबड्डी खेळत असायचा.

सर विज्ञान शिकवीत, मी मराठी. शाळा सडक अर्जुनीहून हायवे सोडून आत, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या. मी नागपूरकडून बदलून आले तेव्हा हेडमास्तरांनी त्यांची ओळख करून दिली, "फार अभ्यासू माणूस आहे." अभ्यासू माणसाच्या शर्टाच्या खिशात आगपेटी असते आणि आगपेटीत मेलेली चिलटं असतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. दुपारच्या सुट्टीत त्यांनी ती माझ्या डब्याशेजारीच उघडली. "सात आहेत. नोंद घ्या, मॅडम," ते म्हणाले. मी नोंद घेतली आणि डबा बंद केला.

'नोंद घ्या' हे त्यांचं पालुपद. पाऊस आला तरी नोंद घ्या, हेडमास्तर उशिरा आले तरी नोंद घ्या. स्वतः मात्र ते एकाच गोष्टीची नोंद घेत. लाल कापडी बांधणीचं एक जाडजूड रजिस्टर होतं, त्यावर 'जन्म-मृत्यू' असं लिहिलेलं. ग्रामपंचायतीत असतं तसंच, फक्त आत सगळी चिलटं.

प्रकल्पही एकच, दर वर्षी तोच: 'आहारातील पोषक घटकांचा कीटकांच्या आयुर्मानावर होणारा परिणाम'. लोणच्याच्या रुंद तोंडाच्या पाच बाटल्या, प्रत्येकीत वीस चिलटं, तोंडाला जुन्या धोतराचं फडकं आणि रबर. पहिल्या बाटलीत पिकलं केळं. दुसरीत लाखोळीच्या डाळीचं घट्ट पाणी आणि दूध पावडर. तिसरीत नुसत्या पाण्यात भिजवलेला कापूस. चौथीत पातळ गूळपाणी. पाचवीत मेडिकलमधून आणलेलं ताकदीचं टॉनिक. प्रकल्पाचा तक्ता माझ्या अक्षरात, कारण शाळेत वळणदार अक्षर माझं एकटीचं. दर वर्षी नवा तक्ता, कारण जुना वाळवी खायची. तक्ता खाऊन वाळवीच्या आयुर्मानावर काय परिणाम झाला, याची नोंद मात्र सरांनी कधी घेतली नाही.

पहिली काही वर्षं पहिल्या बाटलीतली चिलटं कमी व्हायच्या ऐवजी वाढत. केळ्यात अंडी, अंड्यांतून अळ्या, अळ्यांतून नवी चिलटं. वीसची शंभर झाली. मुलं खासगी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये चढून जात होती, आमची पटसंख्या दर जूनमध्ये घसरत होती, आणि सरांच्या पहिल्या बाटलीची पटसंख्या पाचपट. मी तसं बोलूनही दाखवलं. सर गंभीरपणे म्हणाले, "त्यायले पोषण भेटून राहिलं ना जी." पुढे ते जुनी चिलटं वेळोवेळी नव्या बाटलीत हलवायला शिकले. त्यासाठी कागदाचं नरसाळं लागे, अर्धा तास लागे, आणि निम्मी चिलटं उडून स्टाफरूममध्ये येत. आम्ही एका हाताने जेवायचो, दुसऱ्या हाताने वारायचो.

तरी चिलटांचं मी सहन केलं असतं. माझा खरा राग वेगळाच होता. हा माणूस दुसऱ्याच्या डब्यात डोकवायचा. "जास्त खाल तं लवकर जाल," हे त्यांचं दुसरं पालुपद. हेडमास्तरांच्या वाढदिवसाचा पेढा त्यांनी चपराशाच्या हातातून परत ठेवायला लावला. मला शुगर आहे हे कळल्यापासून तर माझी धडगत नव्हती. संक्रांतीला मी तिळाची एक वडी, फक्त एक, डब्याच्या कोपऱ्यात लपवून आणली होती. झाकण उघडलं आणि सर हजर. "हे कायले आणता जी? शुगर हाये ना तुमाले?" असं म्हणून त्यांनी ती वडी उचलली आणि खिडकीतून कावळ्याला टाकली. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, ते मोजत होते.

एवढं करून प्रकल्पाचं काय व्हायचं? दर वर्षी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला जायचा आणि 'सहभाग' असं लिहिलेलं प्रमाणपत्र घेऊन परत यायचा. अडायचं एकाच ठिकाणी. परीक्षक तक्त्यावरून बोट फिरवत तिसऱ्या बाटलीशी थांबायचे. नुसत्या पाण्यावर चिलटं फार तर दोन-तीन दिवस टिकतात. सरांची अकरा दिवस, बारा दिवस टिकायची. एका परीक्षकाने एकदा विचारलं, "मास्तर, या चिलटांना उपासाची सवय आहे का?" सगळा हॉल हसला, त्यात मीही होते. सर खाली मान घालून तक्ता गुंडाळू लागले. पुढच्या वर्षी पुन्हा तिसरी बाटली, पुन्हा अकरा दिवस. मी मनात निकाल लावून टाकला की एक तर या माणसाला मोजता येत नाही, नाही तर हा घरी बसून आकडे ठोकून देतो.

गेल्या वर्षी सरांचं निवृत्तीचं वर्ष होतं आणि प्रकल्प पायलकडे होता. पायल नववीतली, काटकुळी, प्रश्न विचारून जीव नकोसा करणारी पोरगी. प्रकल्प जिल्ह्याला गेला तर तिला गोंदियाला जायला मिळणार होतं. गोंदिया तिने एकदाच पाहिलं होतं, आजा सरकारी दवाखान्यात होता तेव्हा, आणि तेही फक्त दवाखान्याचा जिना. या खेपेला तिला सगळं पाहायचं होतं. तालुक्यात निवड व्हावी म्हणून तिने बोलीभाषा सोडून पुस्तकी मराठीत उत्तरं पाठ करायला घेतली होती, आणि ती म्हणून घ्यायला माझ्याकडे यायची.

एका दुपारी ती पाठांतर सोडून भलतंच विचारू लागली.

"मॅडम, तिसरी बाटली मरूनच नाही राहिली."

"दर वर्षी नाही मरत," मी म्हटलं.

"पण मॅडम, पाण्याच्या बाटलीले मुंग्या काऊन लागतीन?"

मी तिच्याबरोबर प्रयोगशाळेत गेले. खरंच, भिंतीतून निघालेली मुंग्यांची रांग गुळाच्या बाटलीला वळसा घालून सरळ तिसऱ्या बाटलीवर चढत होती. फडक्याला बोट लावलं तर चिकट लागलं. मला आनंद झाला, हे कबूल करते. नऊ वर्षांनी चोर सापडणार होता.

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. मोठ्या सुट्टीत सर बाजारातून परत आले आणि प्रयोगशाळेत शिरले. दोन मिनिटांनी मी पाठोपाठ गेले, दार न वाजवता. टेबलावर वर्तमानपत्राच्या तुकड्यावर एक जिलेबी होती. सर कापसाची वात जिलेबीवर दाबून पाक टिपत होते आणि ती वात तिसऱ्या बाटलीच्या फडक्यावर हलकेच टेकवत होते. आतून चिलटं वर येऊन फडक्याला लगडली होती. मी तयार करून आणलेलं वाक्य म्हणून टाकलं.

"सर, नोंद घेऊ का?"

त्यांनी वात खाली ठेवली. मला वाटलं होतं ते रागावतील, निदान सारवासारव तरी करतील. ते खुर्चीवर बसले.

"तुमी या शाळेत याच्या पयलेची गोष्ट हाये," ते म्हणाले. "आमच्या घरचीले शुगर होती. तुमच्यासारखी थोडी नाही, लय. किडन्या गेल्या होत्या. डॉक्टर बोलला का गोड बंद, मीठ कमी, पाणी मोजून. मी विज्ञानाचा मास्तर. वजन-काटा आणला घरी. तिचा एकेक घास मोजून देल्ला, दोन वर्सं."

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दंडारीचा नाच होतो, रात्री नाटक होतं, लेकी-जावयांना निरोप जातो, आणि मंडईला गेलेला माणूस जिलेबी खाल्ल्याशिवाय परतत नाही. टेंभरे सर बायकोला घेऊन सासुरवाडीच्या मंडईला गेले होते.

"तिनं दुकानावर एक जिलेबी घेतली. एकच. तोंडाजवळ नेली तं मी हातातून काढून घेतली. सगळ्यायसमोर, तिच्या भावजया होत्या. तिनं हात पदराले पुसला अन् म्हणे, चला." सरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "दोन महिन्यानं गेली. मंग डॉक्टरले इचारलं, त्या एका जिलेबीनं काय झालं असतं जी? तो म्हणे, तेव्हा काहीच फरक पडला नसता."

व्हरांड्यात मुलांचा गलका चालला होता.

"दर साली ठरवतो का या खेपेले तिसरी बाटली बराबर करीन. दोन दिवस पाहतो. तिसऱ्या दिवशी ते तळाशी बसून राह्यतात. हलत नाहीत. मले नाही होत मॅडम."

नऊ वर्षं मी या माणसाला हसले. हॉलमध्ये हसले, स्टाफरूममध्ये नकला केल्या, घरी जाऊन नवऱ्याला किस्से सांगितले. मला लाज वाटली. फार वाटली. पण लाज वाटली म्हणून माझी जीभ सुधारत नाही. मी म्हटलं, "आणि पायलचं काय? तिनं परीक्षकांना काय सांगायचं?"

सरांनी मान हलवली. मग उठले, दारात जाऊन त्यांनी पायलला हाक मारली. वीस नवी चिलटं नरसाळ्यातून स्वच्छ बाटलीत सोडली, पाण्यात भिजवलेला कापूस ठेवला, नवं फडकं बांधलं आणि बाटली तिच्या हातात दिली.

"हे तू घरी ने. तूच मोज. माझ्या हाती नको ठेवू."

"काऊन सर?"

"मले मोजता येत नाही, पोरी," ते म्हणाले.

पायल तिसऱ्या दिवशी बाटली घेऊन आली. तळाशी सगळी होती, वीसच्या वीस. सरांनी भिंग लावलं नाही. रजिस्टर उघडून त्यांनी स्वतः लिहिलं, 'बाटली क्र. ३, नुसते पाणी, तीन दिवस', खाली सही केली आणि बाहेर नळावर गेले. हात धुवायला त्यांना त्या दिवशी बराच वेळ लागला. जुनी तिसरी बाटली त्यांनी मागच्या मोहाच्या झाडाखाली नेऊन उघडली, असं मला नंतर चपराशाकडून कळलं.

तालुक्यात निवड झाली. आम्ही तिघं एसटीने गोंदियाला गेलो. पायलने पाठ केलेलं पुस्तकी मराठी पहिल्या मिनिटातच संपलं, पण तिचं अडलं नाही. सगळ्यांत जास्त दिवस जगली होती पातळ गूळपाण्याची बाटली. परीक्षक बाईंनी विचारलं, "मग यातून तू काय शिकलीस?"

"जास्त खाल्लं तं लवकर मरते, मॅडम," पायल म्हणाली. "अन् कायीच नाही भेटलं तं त्याच्याहून लवकर."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. सर तक्त्याच्या मागे उभे होते, मला फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या.

उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. पायलला स्टेशन पाहायचं होतं, म्हणून स्टँडवर जायच्या आधी आम्ही तिकडे वळलो. पुलावर उभी राहून तिने एक पूर्ण मालगाडी डबे मोजत पाहिली. सर खाली उतरून समोरच्या हॉटेलात गेले होते. कढईवरचा माणूस म्हणत होता, "गरम है मास्टरजी, अभी निकाली है." ते कागदाचा पुडा घेऊन आले. पायलला तीन दिल्या. मग पुडा माझ्यापुढे धरला.

मी त्यांच्याकडे पाहिलं. याच हाताने माझी तिळाची वडी कावळ्याला गेली होती.

"सर, शुगर आहे मला," मी म्हटलं.

"मालूम हाये." ते पुडा धरून उभेच राहिले. "एक घ्या. एकच. मी नोंद नाही घेत."

मी घेतली. मी खाऊन संपवेपर्यंत सर माझ्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी खिशातला रुमाल काढून माझ्यापुढे धरला, बोटं पुसायला.