तुर्र्याची सवय आणि झिपऱ्याचा पंजा

ऐक, फक्त ऐक. मधे बोललास तर मला हसू फुटेल आणि सगळं तसंच राहून जाईल.

आपला तुर्रा. कोपऱ्यावरचा सलूनवाला रे, कपाळावर केसांचा तुरा काढून हिंडतो तो. राहतो सलूनच्याच इमारतीत. खाली सलून, मधे घरमालकीण काकू, वर तुर्रा आणि त्याचा कुत्रा झिपऱ्या. सलूनवाल्याचा कुत्रा, आणि अंगावर केस इतके की तोंड कुठलं नि शेपूट कुठली, हे तो चालायला लागल्यावरच कळतं.

काकूंच्या डोक्यावर लाकडी फळ्या आणि फळ्यांवर झिपऱ्या. त्याची नखं वाढलेली. दिवसभर टिकटिक, टिकटिक. काकूंच्या दुपारच्या झोपेचं पार खोबरं झालं. काल सकाळी त्या सलूनच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"उद्या दुपारी मी आडवी पडणार," काकू म्हणाल्या. "वरून टिकटिक आली, तर संध्याकाळी कुत्रा या घरात दिसता कामा नये."

"नखंच ना, काकू? माझ्या हातचा मळ आहे तो. कापलेली त्यालासुद्धा कळणार नाहीत."

"बघू."

काकू गेल्या आणि तुर्र्याचा चेहरा उतरला. घरी गेल्यावर दार उघडायच्या आत आनंदानं वेडं होणारं असं त्याच्या आयुष्यात हे एकच जनावर. दुसरं कोणी नाही, आपण मित्रसुद्धा नाही.

मग गडी गेला कुत्र्यांच्या सामानाच्या दुकानात. दुकानदारानं नखं कापायच्या कात्रीचे दोन प्रकार काढले. एकात बारीक भोक, त्यात नख घालायचं आणि दाबायचं. दुसरी पक्कडीसारखी कात्री.

"कुत्र्याची नखं पांढरी की काळी?"

"काळीकुट्ट."

"मग सांभाळून. आत जिवंत मांस असतं आणि काळ्या नखात ते दिसत नाही. नखाचं टोक जरा जरा कापायचं, आणि मधे गडद ठिपका दिसला की थांबायचं. घाई केलीत की रक्त."

"अहो, मी माणसांच्या गळ्यावर वस्तरा फिरवतो."

"माणसं पाय ओढून घेत नाहीत," दुकानदार म्हणाला.

तुर्र्यानं दोन्ही हवेत वाजवून बघितल्या. पक्कडीसारखी छान वाजली, कच कच. झालं, तीच घेतली. आता कुणी आवाजावरून कात्री घेतं का? हा घेतो. याच्या हाताला सवयच आहे ना, केसाला लावायच्या आधी दोनदा हवेत कच कच, मग काप. गिऱ्हाइकांनाही ते ऐकून बरं वाटतं म्हणे.

आज सलूनला सुट्टी. यानं झिपऱ्याला चक्क गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं, पायानं दांडी दाबून खुर्ची वर घेतली. समोर आरसा. झिपऱ्यानं आरशात बघितलं तर कापड गुंडाळलेला एक अनोळखी कुत्रा आणि त्याच्यामागे हत्यार घेतलेला माणूस. तो गुरगुरायला लागला.

"अरे, तूच आहेस तो. शहाणा ना माझा? दे पंजा."

झिपऱ्यानं पंजा दिला. बिचारा देतोच. तुर्र्यानं बोट धरलं. कच कच. पंजा गायब.

पुन्हा धरला. कच कच. पुन्हा गायब, आता थेट कापडाच्या आत. घड्याळ पुढे सरकतंय, वर काकूंच्या पलंगाची करकर ऐकू आली. म्हणजे बाई आडव्या पडल्या. तुर्र्याच्या कानशिलावरून घाम ओघळला. टोक जरा जरा वगैरे सगळं डोक्यातून उडालं. त्यानं पंजा काखेत आवळला, हवेत कच कच केलं, आणि झिपऱ्यानं हिसका दिला त्याच क्षणी कात्री मिटली.

झिपऱ्या असा केकाटला की बस. खुर्ची गर्रकन फिरली, कुत्रा कापडासकट उडाला, दार ढकलून जिन्यात. मागे तुर्रा, एका हातात कात्री, दुसऱ्या हातात तुरटी. पायरीपायरीवर लाल ठिपके. आणि मधल्या मजल्यावर काकूंचं दार, हवेसाठी उघडं ठेवलेलं.

तुर्रा दारात पोहोचला तेव्हा झिपऱ्या काकूंच्या पलंगावर होता. पांढऱ्याशुभ्र चादरीवर. चादरीवर लाल पंजे, गळ्यात सलूनचं कापड, तोंड काकूंच्या कुशीत. काकू उठून बसल्या होत्या. चादरीवरचा एकेक लाल ठसा बोटानं मोजत होत्या. तुर्रा म्हणतो, त्या ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

"ती तुरटी इकडे दे," शेवटी काकू म्हणाल्या.

त्यांनी तुरटी ओली करून नखाला दाबून धरली. रक्त थांबलं. मग हात पुढे केला. "कात्री."

"काकू, तो चावेल."

"कात्री दे."

काकूंनी एका हातानं झिपऱ्याचा कान कुरवाळला आणि दुसऱ्या हातानं कात्री नुसती नखाला टेकवली. बारीकसं टोक उडालं. मग दुसरं. झिपऱ्यानं जांभई दिली.

"मघापासून ऐकतेय मी खालचं," काकू वर न बघता म्हणाल्या. "प्रत्येक वेळी कच कच वाजवून त्याला आधी कळवत होतास, की बाबा, आता कापतो, पळ?"

तुर्र्याला कुठे तोंड लपवू असं झालं.

सगळी नखं झाली. काकूंनी झिपऱ्याला खाली सोडलं. तो फळ्यांवरून चालत गेला, अजिबात आवाज नाही.

"मग काकू, कुत्रा राहिला ना?"

"राहिला. ने वर." तुर्रा वाकला, तशा काकू म्हणाल्या, "पण तो तुझ्याकडे राहणार असेल, तर माझ्याकडून हे पुन्हा व्हायचं नाही. नखं परत वाढणार. पुढच्या खेपेला तूच कापायचीस, आणि असा केकाटलेला मला ऐकू आला तर दोघंही बाहेर. नाहीतर राहू दे त्याला इथेच, माझ्याकडे."

तुर्र्यानं हात पसरले. "झिपऱ्या, ये."

झिपऱ्यानं त्याच्याकडे बघितलं, चारही पंजे पोटाखाली घेतले आणि पलंगाखाली सरकला.

तुर्रा अजून तिथेच उंबऱ्यात बसलाय. मी आत्ता तिथूनच येतोय. मला विचारत होता, काय करू म्हणून. तू सांग, तू काय केलं असतंस?