पदाला शोभेल असं चिनी नाव

कंपनीची एका चिनी कंपनीशी सोयरीक जुळली आणि लागलीच परिपत्रक निघालं: प्रत्येक अधिकाऱ्याने एक चिनी नाव धारण करावे, नाव नसलेल्याचा तिकडच्या नव्या कचेरीसाठी विचार होणार नाही.

आमच्या साहेबांचा, म्हणजे उपव्यवस्थापकांचा, सगळा जीव त्या कचेरीत अडकला होता. सासुरवाडीला त्यांनी तसं कळवूनही टाकलं होतं.

नावं ठेवायला कंपनीने एक चिनी बाई नेमल्या. इथे वर्षानुवर्षं राहून त्या आपली भाषा आपल्यापेक्षा नीट बोलायच्या. त्यांचं म्हणणं, आधी माणूस समजला पाहिजे, मग नाव.

"तुम्ही कसे आहात?" बाईंनी विचारलं.

"निर्भय, दूरदर्शी आणि मनाने साधा," साहेब पाठ केल्यासारखं बोलले.

बाईंनी साहेबांच्या बायकोला फोन लावला. फोन बराच रंगला. "साधे आहात, एवढं जुळतंय," हसू दाबत बाई म्हणाल्या.

साहेबांना नावात सिंह हवा होता, गेलाबाजार डोंगर तरी. पण तेवढ्यात दुसरं परिपत्रक आलं: नावाचा अर्थ धारकाच्या पदापेक्षा मोठा नसावा. सर्वांत वरच्या साहेबांनी आकाश घेतलं, महाव्यवस्थापकांनी डोंगर. सिंह सुरक्षा विभागाने केव्हाच पळवला होता. आमच्या साहेबांनी ढग मागितला. ढग डोंगराच्या वरून जातो, सबब अमान्य, असा नामकरण समितीचा शेरा आला. नदी? ती डोंगरातून निघते, महाव्यवस्थापकांची संमती आणा. आणि ते रजेवर. झाड? झाड वाढतं, आणि वार्षिक मूल्यमापनाशिवाय वाढ देता येत नाही.

शेवटी साहेबांच्या श्रेणीत जे उरलं होतं ते मिळालं. 'ओलसर दगड'. त्याचं चिनी रूप बाईंनी बसवून दिलं.

"अहो, पण ओलसर कशाला?" साहेब कळवळले.

"कोरडा लेखा विभागाला गेला," समितीचा कारकून म्हणाला.

सवयीने माणूस दगडावरही माया करतो. साहेब आरशासमोर नाव घोकू लागले. दारावरच्या पहारेकऱ्याने ते वेडंवाकडं उच्चारलं तेव्हा त्याला त्यांनी चांगलं फैलावर घेतलं. "नाव म्हणजे माणसाची इज्जत असते! नीट घेता येत नसेल तर घेऊ नकोस!"

पाहुणे आले. दुभाषी म्हणून बाईच होत्या. मुख्य पाहुण्यांनी साहेबांचं कार्ड वाचलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"ते विचारताहेत, इतकं सुरेख नाव कुणी शोधलं?" बाईंनी सांगितलं.

"तुम्हीच की! सांगा ना त्यांना!"

बाईंनी सांगितलं. पाहुणे पुन्हा काही बोलले. "ते म्हणताहेत, तुम्ही माझी त्यांच्याशी ओळख करून द्या."

"अवश्य! या आमच्या..." साहेबांनी महाव्यवस्थापकांकडे पाहिलं, महाव्यवस्थापकांनी समितीकडे, समितीने छताकडे.

"या आमच्या चिनी बाई," साहेब म्हणाले.

बाईंनी त्याचं शब्दशः भाषांतर केलं. पाहुण्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं, आणि ते तिथेच राहिलं. नव्या कचेरीची जागा लेखा विभागातल्या कोरड्या दगडाला मिळाली. त्याने निदान बाईंना "माफ करा, मी कधी विचारलंच नाही" एवढं तरी म्हटलं होतं.

"इतके दिवस शेजारी बसलात, बाईमाणसाला साधं नाव विचारता आलं नाही?" घरी बायको कडाडली.

"आणि तू? तासभर फोनवर माझी अब्रू काढत होतीस, तेव्हा तू विचारलंस?"

बायको तडक कुकर बघायला आत गेली.

हसू नका. मी पहिल्यापासून 'बाई, बाई' करत हे सांगतोय आणि तुम्ही खुशाल ऐकताय. खरं सांगा, त्यांचं नाव काय, असं तुमच्या तरी मनात आलं का?