डिकीचं झाकण निघालेली कार

आमच्या सोसायटीत एखाद्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले तर कोणी घाबरत नाही. पायांत तपकिरी चामड्याच्या चपला असल्या, की ते थोरवेकाका. नवा वॉचमन पहिल्या आठवड्यात एकदा तरी "अरे, कोई मर गया!" म्हणून बोंब ठोकतो. मग चौथ्या मजल्यावरून कोणीतरी निवांतपणे सांगतं, "मेलं नाही कोणी, चासी बघतायत!" चासी म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा.

रंगनाथ थोरवे मूळचे जुन्नरकडचे. माळशेज घाट उतरून कांदा-टोमॅटोचा ट्रक वाशीच्या मार्केटात आणण्यात त्यांची उभी हयात गेली. आता वय सत्तरीच्या पलीकडे, मुलगा पुण्याला, बायको जाऊन चार वर्षं झाली, आणि जुईनगरच्या आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर ते एकटेच राहतात. ट्रक विकून टाकला असला तरी डोक्यातला ट्रक काही विकला गेलेला नाही. जगात दोनच प्रकारची वाहनं आहेत, ट्रक आणि बाकीचा फापटपसारा, असं त्यांचं स्पष्ट मत आहे. घंटागाडी आली की ते उठून उभे राहतात. "कचऱ्याची असंल, पन खानदानी हाय," म्हणतात.

एका लग्नात तर त्यांनी कहरच केला. नवरदेवाची उंच, रुबाबदार गाडी फुलांनी सजवून हॉलबाहेर उभी होती. काकांनी अक्षता टाकल्या आणि नव्या धोतरानिशी सरळ तिच्याखाली शिरले. मुलीकडच्या मंडळींना वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली. कोणी पाणी मारलं, कोणी कांदा फोडून आणला. काका भिजलेल्या मिशा पुसत बाहेर आले आणि मुलीच्या बापाला म्हणाले, "काळजी नका करू, पावनं. नुसता देखावा हाय, खाली काही न्हाई." पावण्यांनी ते जावयाबद्दल ऐकलं आणि त्यांचा चेहरा जो पडला, तो जेवणापर्यंत वर आला नाही.

मी शाळेत गणित शिकवतो. व्याख्या चुकीची असेल तर मला जेवण जात नाही, आणि काका तर तीच घेऊन बसलेले. त्यामुळे आमचं जुंपणार हे ठरलेलंच होतं. निमित्त झालं प्रज्ञाच्या गाडीचं.

प्रज्ञा आमच्या तिसऱ्या मजल्यावरची. आई आणि ती, दोघीच. चांगली कॉल सेंटरची नोकरी सोडून तिने भाजीचा धंदा सुरू केला. पहाटे मार्केटातून माल उचलायचा आणि आसपासच्या सोसायट्यांत घरपोच द्यायचा. त्यासाठी तिने एक पिकअप घेतली. पुढून पाहिलं तर थेट कार. दोन्ही रांगांत सीटा, काचा बटणावर, एसी. मागे मात्र उघडा हौदा आणि पिवळी नंबरप्लेट. पोरगी पेढे वाटत खाली आली आणि मोठ्या अभिमानाने म्हणाली, "काका, ट्रक घेतला!"

काकांनी पेढा तोंडात टाकला, चष्मा खिशात ठेवला आणि खाली आडवे झाले. पाच मिनिटांनी बाहेर आले. मग केबिन आणि हौदा यांच्यामध्ये हात घालायचा प्रयत्न केला. हात जाईना.

"ट्रकला मधी फट असती, हिला न्हाई," ते म्हणाले. "खाली वेगळी चासी न्हाई. सांगाडा आन् अंग एकच. पोरी, ही कार हाय. डिकीचं झाकन निघालेली कार."

प्रज्ञाचा चेहरा एवढासा झाला. मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, माल वाहते तो ट्रक. साधी गोष्ट आहे."

"मास्तर, तुमच्या सौ. रोज दोन पिशव्या भाजी वाहतात. त्यांना काय म्हनायचं?"

सौ. नेमकी दुसऱ्या पिशवीसह गेटातून आत येत होती. त्या दिवशी आमच्या घरी भाजी झाली नाही.

मग वर्षभर हा वाद चालला. मी रोज नवा मुद्दा काढायचा आणि काकांनी तो रोज चेचायचा. वजन म्हटलं, की ते म्हणायचे गाढवसुद्धा वजन वाहतं. हौदा म्हटलं, की म्हणायचे हौदा हत्तीवरही असतो. प्रज्ञा दसऱ्याला गाडी धुऊन हार घालून आली आणि म्हणाली, "काका, ट्रकला मागे काळा गोंडा बांधतात ना? मला एक द्या की." काकांकडे एक होता, हे सगळ्यांना माहीत होतं. दाराच्या आत खुंटीला लटकलेला दिसायचा.

"कारला गोंडा बांधत न्हाईत," काका म्हणाले. "कारला कोन नजर लावतंय?"

पोरगी हसली, पण जिना चढताना तिने डोळे पुसलेले मी पाहिले. मला काकांचा मनस्वी राग आला. एवढं काय बिघडत होतं? एक गोंडाच तर मागत होती. पण माणूस म्हणजे दगड. ट्रकबद्दल एक शब्द खोटा बोलणार नाही म्हणजे नाही.

यंदाच्या होळीनंतर काकांना कोणा जुन्या ड्रायव्हरचा फोन आला. काकांचा विकलेला ट्रक हातोहात फिरत शेवटी नावड्याला एका भंगारवाल्याच्या आवारात येऊन पडला होता. आठवड्यात तोडणार होते. काकांना दुसरं काही नको होतं, फक्त मागचा फाळका हवा होता, म्हणजे हौदा बंद करायची ती जाड लाकडी फळी. त्यांनी ओळखीच्या तीन टेम्पोवाल्यांना विचारलं. तिघांनी टोलवलं. एकजण तर म्हणाला, "एका फळकुटासाठी नावड्याला जायचं? काका, सरपण पाहिजे का?"

काका गेटापाशी फोन हातात धरून नुसते उभे होते. प्रज्ञा मार्केटच्या दुसऱ्या फेऱ्याला निघाली होती. तिने सगळं ऐकलं, गाडी थांबवली आणि दार उघडलं. "बसा, काका."

"तुझ्या ह्यात मावंल का गं?"

"डिकीचं झाकण निघालंय ना? मावेल."

मलाही मागे बसवलं, फाळका उचलायला. नावड्याच्या त्या आवारात काकांचा ट्रक चाकांशिवाय, टेकू देऊन उभा होता. काका त्याच्याखाली गेले नाहीत. मला नवल वाटलं. ते सरळ मागे गेले आणि फाळक्यावरची धूळ उपरण्याने पुसली. पिवळी अक्षरं वर आली : सुमनचा आशीर्वाद.

"आईचं नाव?" भंगारवाल्याने विचारलं.

"न्हाई. मालकीनबाईंचं," काका म्हणाले. "समदे ड्रायव्हर हसायचे. बायकोचा आशीर्वाद कोन लिवतंय म्हनायचे. म्हटलं, जिचा घेऊन पोचतो तिचंच नाव लिवनार."

फाळका मागे बाहेर निघत होता. प्रज्ञाने त्याला आपली लाल ओढणी बांधली आणि गाडी अशी सांभाळून चालवली, की खड्ड्यातसुद्धा फाळका हलला नाही. तिचा तो मार्केटचा फेरा बुडाला. काका सगळा रस्ता मागे वळून फाळक्याकडे बघत होते. सोसायटीत आल्यावर आम्ही फाळका जिन्याने वर चढवला. खाली येऊन पाहतो तर काका पुन्हा केबिन आणि हौद्यामध्ये हात घालू पाहत होते. फट नव्हतीच. तरी ते बराच वेळ हात तिथेच ठेवून उभे होते.

आणि नेमकी त्याच आठवड्यात नोटीस लागली. आमच्या सोसायटीचा जुना नियम आहे, आवारात ट्रक लावायचा नाही. गंमत म्हणजे तो नियम थोरवेकाकांच्याच ट्रकमुळे झालेला. तेव्हा काकांनी वाद घातला नव्हता. "ट्रक हाय, भाईर ऱ्हाईल," म्हणून स्वतः सही केली होती. आता सेक्रेटरी सावंतांनी तोच नियम काढून प्रज्ञाला गाडी बाहेर लावायला सांगितलं होतं. रविवारी मीटिंग. पार्किंग मिळायच्या अगोदर ती महिनाभर बाहेर रस्त्यावर लावत होती, तेव्हा एकदा स्टेपनी गेली होती आणि एकदा अख्खी बॅटरी. ती मला म्हणाली, "सर, पुन्हा बाहेर लावायची वेळ आली तर मी विकून टाकीन. सकाळी गाडी चालूच झाली नाही तर गिऱ्हाईक थांबतं का?"

मी म्हटलं, तू कशाला टेन्शन घेतेस? आपल्याकडे थोरवेकाका आहेत! वर्षभर कानीकपाळी ओरडतायत, ही कार आहे म्हणून. त्यांच्या शब्दापुढे सावंतांचं काय चालतंय?

शनिवारी संध्याकाळी मी काकांकडे गेलो. टीव्हीच्या जागी फाळका उभा, आणि टीव्ही जमिनीवर. म्हटलं, "काका, उद्या तेवढं खणखणीत सांगा. डिकीचं झाकण निघालेली कार."

काकांनी मान खाली घातली. "तोच वांधा झालाय, मास्तर. ट्रक हाय ती."

"काय?"

"ट्रक हाय. वरीसभर मी चुकलो."

"अहो, चासी? फट?"

"चासी न्हाई, फट न्हाई. पन ट्रक हाय. खऱ्या ट्रकवाल्यांनी तिघांनी नाही म्हटलं. ती आली. जो आला तो ट्रक. दुसरा हिशोबच न्हाई."

मी डोक्याला हात लावला. वर्षभर मी हेच पटवत होतो, आणि या गृहस्थांना पटायला नेमका हाच आठवडा सापडला! म्हटलं, "काका, पाया पडतो. उद्या एक दिवस कार म्हणा. त्या पोरीचा धंदा बसेल."

"ट्रकबद्दल मी खोटं बोलत न्हाई," ते म्हणाले. "नाक्यावर न्हाई बोललो, मार्केटात न्हाई बोललो. आता काय म्हातारपनी बोलू?"

मी तावातावाने निघून आलो. सौ.ला म्हटलं, "हरिश्चंद्र जन्माला आलाय खालच्या मजल्यावर! जळलं ते सत्य." ती म्हणाली, "ओरडू नका. बघू या." पण तिलाही झोप लागली नाही.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. सावंतांनी नियम वाचला. पिवळी प्लेट दाखवली, हौदा दाखवला. "मला सांगा, ही ट्रक नाही तर काय आहे?" प्रज्ञाची आई पदर घट्ट धरून बसली होती. प्रज्ञा उठली आणि म्हणाली, "थोरवेकाकांना विचारा. ते म्हणतील ते मला मान्य." मी तिला खुणा करत होतो, नको, नको म्हणून. तिने पाहिलंच नाही.

काका उठले. सरळ गाडीखाली शिरले. अख्खी सोसायटी दोन तपकिरी चपलांकडे बघत बसली. एवढा वेळ ते कधीच खाली राहिले नव्हते.

बाहेर आले तेव्हा डोळे लाल झालेले. पाठीला धूळ. सावंतांसमोर उभे राहिले.

"कार हाय," काका म्हणाले.

"अहो, पण हौदा..."

"ह्याला हौदा म्हनता? सावंत, तुमी कोकनातले, होडीचं विचारा, सांगतो का मी? ट्रकचा नियम माझ्यामुळं झाला. ट्रक काय असतो ते मी सांगनार. चासी न्हाई, फट न्हाई. कार! झाकन निघालेली. लिवा."

लोक हसले, टाळ्या पडल्या, सावंतांनी मुकाट्याने लिहून घेतलं. प्रज्ञाची आई रडायलाच लागली. प्रज्ञा काकांच्या पाया पडली आणि उठताना म्हणाली, "थँक्यू, काका. पण आज तरी वाटलं होतं, ट्रक म्हणाल." काका तिच्या डोक्यावर हात ठेवून जिना चढून गेले.

दुसऱ्या दिवशी शाळेला निघालो तर प्रज्ञा मार्केटातून नुकतीच येऊन माल पोचवायला वर गेली होती. काका गाडीपाशीच बाकावर बसले होते. मला कालपासून एक गोष्ट टोचत होती. काका खाली एवढा वेळ करत काय होते? आजूबाजूला पाहिलं, डबा बाकावर ठेवला आणि इस्त्रीच्या शर्टानिशी गाडीखाली आडवा झालो.

मागच्या बंपरच्या आतल्या बाजूला काळा गोंडा बांधलेला होता. खुंटीवरचा. जवळून पाहिला तेव्हा कळलं, तो गोंडा नव्हताच. बायका वेणीत घालतात ते गंगावन होतं. जुनं, तेलाने चिकट झालेलं, टोकाला लाल दोरा.

"वैनींचं?" मी खालूनच विचारलं.

"घाट उतरायचा म्हटलं, की आपलं जुनं गंगावन बांधायची ट्रकला," काकांचा आवाज आला. "शेवटचं ते एकच ऱ्हायलं होतं."

"सावंतांनी पाहिलं तर?"

"बघायला खाली झोपावं लागतं. ह्या सोसायटीत माझ्याशिवाय झोपतंय कोन?"

"काल खोटं बोललात म्हणजे."

"बोललो की. आधी ट्रकला ट्रकचं लेनं बांधलं, मग भाईर येऊन खोटं बोललो. पोरीला सांगू नका. लिवलेलं हाय, कार म्हनून."

वर कुठेतरी प्रज्ञा "ताई, मेथी!" म्हणून हाक मारत होती.

"घरात एकटीच लटकत होती हो खुंटीला," काका म्हणाले. "म्हटलं, जाऊ दे पोरीसंगं मार्केटला. तिला पहाटं उठायची सवय हाय."

शर्टाची वाट लागली होती. शाळेला उशीर झाला होता. तरी मी उठलो नाही.