यंत्रांना मान नसते

आकडा सव्वीसवर गेला, तसा रातोमीरच्या तोंडचं पाणी पळालं. सत्तावीस अंश झाले की डेटा सेंटर तपासणीत नापास, आणि त्याला मिळणारी प्रमुखाची खुर्चीही गेली. मग पुन्हा चाचक गावाच्या गल्ल्यांत लोकांच्या घरी एसी बसवत फिरायचं. तेही कुणी चालू करत नाही! विकत घेतात, भिंतीवर चढवतात आणि वर झालर घालतात. कारण प्रोमाया.

प्रोमाया म्हणजे दोन्हीकडून उघडं असलं की मधून वाहतो तो वारा. नावात माया असली तरी करणी सवतीची. मान धरते, कंबर धरते, एखाद्याला उचलूनही नेते. डॉक्टर उगाच दुसरी नावं देतात. आणि रातोमीरने तर उत्तरेच्या झरोक्यांतून डोंगराचा गार वारा आत घेऊन दक्षिणेच्या झरोक्यांतून बाहेर सोडला होता. थोडक्यात, पठ्ठ्याने तीन मजली प्रोमायाच बांधली होती.

हॉलंडहून आलेला तपासनीस हेंडरिक आकड्याकडे बघत होता. "जरा आलोच," म्हणून रातोमीर उत्तरेच्या भिंतीकडे धावला. झरोक्यांत गोधड्या कोंबलेल्या होत्या.

"स्तानोय्काबाई! हे काय?"

"माझ्या घरच्या आहेत, धुतलेल्या," सफाईवाली स्तानोय्का म्हणाली.

"अहो, यंत्रांना गार वारा लागतो! यंत्रांना मान नसते, कंबर नसते!"

"यंत्रांना नसेल. पुसणारीला आहे ना!"

गोधड्या ओढून काढल्या, तर मागे विटांची कोरी भिंत. शेजारी मिलिसाव मिस्त्री हात बांधून उभा.

"मिस्त्री, ही नकाशात नव्हती!"

मिलिसावने आवाज खाली आणला. "साहेब, घाईघाईत तुमच्याकडून झरोके समोरासमोर पडले. माणूस आहे, चुकतो. चारचौघांत कशाला बोला, म्हणून गुपचूप सुधारून घेतलं."

"फोडा! आत्ताच्या आत्ता! माझी नोकरी जाईल!"

"नोकरी दुसरी मिळेल हो. मान कुठून आणाल?"

शेवटी रातोमीरनेच घण उचलला. तेव्हा कुठे मिलिसाव हळहळत पुढे झाला. विटा कोसळल्या, वारा आत घुसला, स्तानोय्काने छातीवर क्रूसाची खूण करून गळपट्टा आवळला. साडेसव्वीसवरून आकडा उतरत उतरत बावीसवर आला. हेंडरिकने खूश होऊन सही ठोकली आणि खाली एक अट लिहिली: झरोक्यांपुढे काहीही बांधायचं तर प्रमुखाची लेखी सही हवी.

रातोमीरने ती अट सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली, मिलिसावला दोनदा.

सोमवारी तो प्रमुखाच्या खुर्चीत बसला. लोकांची भीती मोडावी म्हणून केबिन त्याने मुद्दाम झरोक्यांच्या ऐन मध्ये ठेवली होती. मंगळवारी तो शिंकला. बुधवारी आतून लोकरी बनियन आला. गुरुवारी सकाळी तो आला तो डावीकडे बघतच, कारण मान दुसरीकडे वळेना. कुणी अवाक्षर काढलं नाही, हे त्याला जास्त झोंबलं. स्तानोय्काने तर न विचारता मानेला राकिया, म्हणजे फळांची कडक दारू, चोळून दिली.

तेवढ्यात विटांची ढकलगाडी घेऊन मिलिसाव दारात आला.

"तुम्हाला कुणी बोलावलं?" रातोमीर भिंतीकडे बघत म्हणाला.

"कुणीच नाही. कुठवर बांधू?"

रातोमीरने मान चोळली.

"खुर्ची झाकेल एवढीच. आणि हेंडरिकला कळता कामा नये."

"छे हो! पण अट आहे ना, साहेब. सही लागेल."

मिलिसावने उजवीकडून कागद पुढे केला. रातोमीरला तो दिसेना. तेव्हा मिलिसाव मुकाट्याने टेबलाला वळसा घालून डावीकडे गेला आणि कागद तिथे धरला.