कोल्ड रेडिएटर्स यांजकडील चहाची मोहीम

यॉर्कशायर प्रांती, हॅलिफॅक्स शहरी, गालिच्यांच्या गुदामावरील माडीत 'कोल्ड रेडिएटर्स' नामे रॉक बँडाची गादी अकरा वर्षे चालिली, आणि त्या गादीवर जो बाका प्रसंग गुदरला त्याची हकीकत येथे यथामति लिहिली आहे. लिहिणार क्लाइव्ह अ‍ॅक्रॉइड, त्याच फौजेतील बेस-गिटारवाले. सबब क्लाइव्हरावांची तारीफ जागोजाग आढळेल, ती सोसून घ्यावी. दुसरे कोणी करीत नाही.

गादीचे धनी श्रीमंत लिंडसे थ्वेट. गाणी तेच रचीत, तेच गात, आणि कण्हून गावे तर त्यांनीच, ऐसा उत्तर इंग्लंडात लौकिक. ड्रमचा सरंजाम बेव्हर्ली सगडन बाईंकडे. आणि क्लाइव्हराव मागे उभे राहून चार तारा छेडीत, त्या बंद पडल्या तरी कोणास पत्ता लागत नसे. तीन तबकड्या निघाल्या. पैकी एक गाणे रेडिओवर लागले, तेव्हा तिघे अदबीने उभे राहून ऐकते जाहले, आणि मध्येच बातम्या सुरू जाहल्या.

दर रविवारी दुपारी तालीम, आणि तालमीस तीनदा चहा. या मुलुखाचा दस्तूर ऐसा की ज्यास चहाची तलफ आली त्याने सर्वांस विचारावे आणि सर्वांचा करावा. पाळी चुकवील त्याची माणसांत गणना नाही. आणि श्रीमंत तर किटलीस हात लावीत नसत. त्यांची पाळी आली की क्लाइव्हराव मुकाट उठत.

मग नगरभवनातील जलशाचे आमंत्रण आले, आणि पोस्टरावर बँडाचे नाव पहिल्यानेच सर्वांत वर छापले गेले. तीन रविवार हाती होते. पहिल्याच रविवारी श्रीमंतांनी छताकडे नजर लावून पृच्छा केली, "चहाचं काही होतंय का?"

बेव्हर्ली बाईंनी काठ्या खाली ठेविल्या आणि फर्मान सोडिले की, थ्वेट स्वहस्ते चहा करून आणीत नाहीत तोवर माडीवर ठोका पडणार नाही, नगरभवनातही नाही. श्रीमंतांनी उलट कळविले की, कलावंताने किटली धरणे दौलतीस शोभत नाही. मग उभयतांनी मोर्चे धरिले आणि दुपार गेली.

क्लाइव्हरावांची गाळण उडाली. सोमवार ते शनिवार ते लोकांच्या घरचे गॅसचे मीटर वाचीत, कुत्री अंगावर घेत, आणि रविवारी तेवढे माणसांत येत. गादी मोडली तर रविवारही गेला. सबब दुसऱ्या रविवारी त्यांनी गनिमी कावा केला: जिन्याखाली गुपचूप चहा करून ट्रे श्रीमंतांच्या हाती दिला. बाईंनी एक घोट घेतला.

"हा तुझा चहा आहे, क्लाइव्ह. कळतो लगेच. नुसता गोड आणि भित्रा."

तिसरा रविवार उजाडला. जलसा सहा दिवसांवर. क्लाइव्हराव सवयीने उठू लागले, तोच बाई गरजल्या, "बूड हलवलंस तर ही काठी गुडघ्यावर बसेल! लिंडसे, अरे हात झडतील का तुझे?"

तेव्हा श्रीमंतांचा चेहरा लाल जाहला, आणि अकरा वर्षांत प्रथमच ते न कण्हता बोलले.

"केला होता मी! अकरा वर्षांपूर्वी, पहिल्याच तालमीला, तू यायच्या आधी. या पठ्ठ्यानं एक घोट घेतला, हसला, आणि सगळा मोरीत ओतून नवा केला. माझ्यासमोर! वर मला म्हणतो, राहू दे रे, तू गाणी लिही."

बाईंनी क्लाइव्हरावांकडे पाहिले. क्लाइव्हरावांनी बुटांकडे पाहिले. त्यांस ते लख्ख आठवत होते. इतकी वर्षे ते त्यास मैत्री म्हणत आले होते. फार लाज वाटली, आणि ती वाटणे रास्तच होते.

"कर, लिंडसे," ते म्हणाले. "मी पितो."

श्रीमंत उठले. साखर सापडेना, तेव्हा क्लाइव्हरावांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरिले. दूध आधी पडले, पाणी उकळलेच नव्हते, आणि चहाची पिशवी फुटून पत्ती वर तरंगली, तरी ते बसून राहिले. मग कप आले. बाईंनी डोळे मिटून घोट घेतला आणि काठ्या उचलल्या.

क्लाइव्हरावांनी कप तळापर्यंत रिता केला, पत्तीसकट, आणि अर्ज गुजारिला, "अजून एक मिळेल का रे?"

श्रीमंत धावत गेले. दुसरा कप पहिल्याहून वाईट होता. तोही संपविला.

येणेप्रमाणे हॅलिफॅक्सची मोहीम फत्ते जाहली, आणि शनिवारी नगरभवनात तिघेही वाजते जाहले. शत्रू अकरा वर्षे आपल्याच छावणीत बेस वाजवीत होता, तो पाडाव जाहला. कबुलीजबाब त्याच्याच हातचा, तो हा. सही, क्लाइव्ह अ‍ॅक्रॉइड.