स्वेटरातल्या नळ्या

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर अण्णांच्या स्वेटरवर हसता हसता ते राहून जाईल, आणि मी ते पुष्कळ दिवस राहू दिलंच आहे.

बंगळूरात एप्रिलमध्ये स्वेटर घालणारा माणूस एकच: आमच्या जनावरांच्या प्रयोगशाळेतले रामोजीअण्णा. थंडी त्यांना वाजत नसे. क्षयाच्या तपासणीसाठी गाईंचं रक्त काढलं की त्या नळ्या ते स्वेटरच्या आतल्या खिशात घालून स्कूटरवरून आणत. खड्डा आला की नळ्यांना म्हणत, "सरी, सरी, झालं." घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलंच; बोलण्यात कन्नड मिसळलेलं.

"स्कूटरला पाळणा बांधा की," मी चिडवायचो.

"हसा सार. पण गार करू नका. गार झालं की रक्त मुकं होतं."

मी दूधतपासणीतून नवा बदलून आलेलो. तिथे सगळं बर्फात. एका दुपारी अण्णा जेवायला गेले. टेबलावर एका गाईच्या नळ्या उघड्यावर दिसल्या, मी फ्रीजमध्ये ठेवल्या. ते यायच्या आधी, उगाच वाद नको म्हणून, परत जागेवर.

दुसऱ्या दिवशी निकाल आला: क्षय नाही. मी सहीला पेन काढलं. अण्णांनी कागदावर हात ठेवला.

"स्वल्प थांबा सार. एका नळीत रक्ताला मुद्दाम डिवचणारं औषध घालतो ना आपण? धडधाकट गाईचं रक्तही त्याला उत्तर देतं. हे गप्प आहे. गाय बरी आहे असं नव्हे, रक्तच मेलंय."

आमच्या साहेबांनी विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, "माझ्याच हातून काही झालं असेल."

मी पेनाचं टोपण लावत राहिलो.

पुन्हा रक्त काढायला मी सोबत गेलो. वाटभर एकच धास्ती: या गाईचं दूध कोण कोण पीत असेल? पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांमागे पत्र्याची शेड. एक खाट, एक ताट, एक गाय. आमच्या नोंदीत नुसता नंबर होता. गाय अण्णांची होती.

"तुंगे, नीट उभी राहा. सार आलेत." मग ते खोकले. कोरडं.

"अण्णा, सही होऊ दिली असती तर सुटली असती ही."

"शेजारची पोरं पितात सार. आता बंद केलंय. मी मात्र धारोष्णच प्यायलो इतकी वर्षं. घरात बोलायला हीच."

या वेळी रक्त बोललं. तुंगेला क्षय होता.

संध्याकाळी गेलो. तुंगा पलीकडे वेगळी बांधलेली, तिच्या पाठीवर तो स्वेटर. अण्णा सांगितलेल्या अंतरावर बसून तिच्याशी गप्पा मारत होते. त्यांच्या छातीचा फोटो उद्या काढायचा होता.

"अण्णा, त्या नळ्या मी फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या."

त्यांनी मान वळवली नाही. "हळू सार. आत्ताच रवंथ करायला बसलीय."

मी आवाज खाली आणला. "साहेबांना आज सांगितलं. आधी तुम्हाला सांगायला हवं होतं. मला माफ करा, अण्णा."