कर्ण्यात शिरणारी माणसं

बसवनगुडीतल्या आमच्या गच्चीवर जायचं तर जिन्यातूनच हाक मारावी लागे. वरून नाडकर्णी विचारत, "किती जण? चुलीपाशी बसून आलात का?"

नाडकर्णी माझ्याच ऑफिसात रडारचे इंजिनिअर. एकटे, आमच्या वरच्या खोलीत राहायचे. ऑफिसच्या भंगारातले भाग रीतसर मागून आणून त्यांनी गच्चीवर पत्र्याचा भलामोठा कर्णा उभारला होता. विश्व जन्मलं तेव्हाची उरलीसुरली ऊब म्हणे आकाशातून सगळीकडून येते. ती आधी कर्णा उभा धरून मोजायची, मग आडवा फिरवून. दोन आकड्यांत फरक पडला तर तो आकाशाचा की कुणा लबाडाचा, हे त्यांना शोधायचं होतं. दोन वर्षं दर रविवारी फरक पडत होता आणि आकाशावर त्यांचा काडीचाही संशय नव्हता. सगळा आमच्यावर.

गरम वस्तू जवळ आली की तिची ऊब कर्ण्यात शिरते, आणि माणूसही गरमच. घरमालकांचा बंब पेटला, संशय. माझी बायको कपडे वाळत घालायला गेली, संशय. "नोंद करून ठेवतो," म्हणत ते वही उघडत.

मलाही त्यांचा संशय येऊ लागला. आमच्या येण्याजाण्याच्या नोंदी हा माणूस पाठवतो तरी कुणाला? एकदा ते अंघोळीला गेल्यावर मी खुशाल वही चाळली. माझ्या नावापुढे अकरा वेळा 'हाकलले'. दर रविवारी चार वाजता मात्र एकच ओळ: 'अण्णा आले. आकडे बाद.'

अण्णा म्हणजे माझे वडील. खुर्ची घेऊन वर जायचे आणि बेळगावच्या कचेरीतल्या त्याच त्या गोष्टी सांगत सहापर्यंत बसायचे. त्यांना एकदाही हाकललेलं नव्हतं. मला रागच आला.

पुढच्या रविवारी साडेचारला नाडकर्णी दारात उभे. आता कसली तक्रार, म्हणून मी कपाळाला आठ्या घातल्या.

"अण्णा आले नाहीत?"

ताप आहे, झोपलेत, मी सांगितलं. ते चपला काढायला लागले. आज दोन्ही आकडे तंतोतंत जुळले, असंही म्हणाले, पण खाली बघत. मी म्हटलं, अहो, मग अण्णांना आधीच का नाही हाकललंत? दोन वर्षं वाचली असती.

"वाचवून काय केलं असतं?" ते म्हणाले. "माझ्याकडे दुसरं येतं कोण?"

मी दारातून बाजूला झालो.